जुन्या जहाजावर कामाला लागताना: ॲस्बेस्टॉसपासून कसं जपायचं

जहाजावर किंवा गोदीत नव्याने लागलेल्याला आग, बंदिस्त टाकी, उंचावरचं काम, फिरती यंत्रं यांचे धडे पहिल्याच आठवड्यात मिळतात. हे धोके स्वतःच शिकवतात; चूक झाली की तिथल्या तिथे फटका बसतो. ॲस्बेस्टॉसची (जुन्या जहाजांत उष्णता रोखायला वापरलेल्या तंतुमय खनिजाची) धूळ छातीत गेली तर त्या दिवशी काहीच होत नाही. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, वास नाही, चव नाही. आजार डोकं वर काढतो तो २०, ३०, कधी ४० वर्षांनी, म्हणजे बहुधा निवृत्तीनंतर. म्हणून या एका बाबतीत स्वतःच्या अनुभवावर विसंबता येत नाही, आणि जुन्याजाणत्यांच्या अनुभवावर तर मुळीच नाही. ‘पंधरा वर्षं हेच करतोय, मला काय झालं?’ हे वाक्य इंजिन रूममध्ये कधी ना कधी ऐकायला मिळेलच. ते खरंही असतं. फक्त त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

अभ्यासकही या गफलतीतून सुटलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गोद्यांमध्ये नौदलाच्या जहाजांच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं आवरण चढवणाऱ्या १,०७४ कामगारांची तपासणी झाली. १९४६ साली अहवाल छापला गेला: ॲस्बेस्टोसिस (या धुळीने फुप्फुस निबर होण्याचा आजार) फक्त तिघांना, तेव्हा हे काम फारसं घातक नाही. पण तपासलेल्यांपैकी बहुतेकांना या कामात १० वर्षंही झाली नव्हती, आणि सापडलेले तिघे २० वर्षांहून अधिक काळ काम केलेले होते. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेत बघून पीक आलं नाही म्हणण्यातलाच हा प्रकार. त्या अहवालाचा आधार घेऊन पुढची कित्येक वर्षं गोद्या निर्धास्त राहिल्या.

तर नियम आणि कागद, या दोनच गोष्टींवर चालायचं. ते कसं, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १: नेमकं काय टाळायचं आहे ते समजून घ्या

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, आणि त्याचे तंतू होतात. व्यापारात प्रामुख्याने तीन प्रकार वापरले गेले: पांढरं क्रायसोटाइल, तपकिरी ॲमोसाइट आणि निळं क्रोसिडोलाइट. जहाजांच्या उष्णतारोधक आवरणात ॲमोसाइट भरपूर होतं, गॅस्केटमध्ये (सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेल्या चकतीत) बहुतेक क्रायसोटाइल. रंगांच्या नावांवरून ओळखायला मात्र जाऊ नका. वर्षानुवर्षं तापलेलं, रंगाचे थर चढलेलं, तेल प्यालेलं आवरण कुठल्याही रंगाचं दिसतं. कुठला प्रकार ‘कमी वाईट’ यावर वाद घालणारेही भेटतील. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत, तेव्हा त्या वादात आपला वेळ घालवायचं कारण नाही.

जागेवर स्वस्थ पडलेलं ॲस्बेस्टॉस काही करत नाही. ते कापलं, घासलं, तोडलं, चुरडलं, किंवा जुनं होऊन आपोआप झडू लागलं की तंतू हवेत येतात. ते डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. श्वासातून फुप्फुसाच्या खोल भागात जातात आणि शरीराला ते ना विरघळवता येतात ना बाहेर टाकता येतात. त्यातून फुप्फुसाच्या आवरणावर जाड चट्टे येतात, फुप्फुस निबर होत जातं (हाच ॲस्बेस्टोसिस), फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. ॲस्बेस्टोसिस सहसा वर्षानुवर्षं भरपूर धूळ खाल्लेल्यांना होतो. मेसोथेलिओमाला तेवढी मात्रा लागतेच असं नाही.

धोका फक्त हाताने काम करणाऱ्यांना असतो, हाही गैरसमज. अमेरिकी नौदलाचे १९७० ते १९७४ या काळातले प्रमुख ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट जानेवारी २००० मध्ये मेसोथेलिओमानेच गेले.

पायरी २: जहाजावर ते कुठे असतं ते पाठ करा

इथे जरा थांबून वाचा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

वाफेवर चालणाऱ्या जहाजात सुरुवात बॉयलर रूम आणि इंजिन रूमपासून करा. बॉयलरचं अस्तर, दारांच्या कडेचा दोर, वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता रोखणारं आवरण), टर्बाइनवरची आवरणं, एक्झॉस्टवरची गुंडाळी. सरळ पाइपावर साच्यातले अर्धगोल तुकडे बसवत आणि बाक, फ्लँज (पाइप जोडायच्या कडा), व्हॉल्व्ह यांच्यावर ओला गिलावा थापत. म्हणून सरळ भागात बदललेलं नवं लॅगिंग दिसलं तरी बाकाजवळ जुनाच गिलावा शिल्लक असू शकतो. जुन्या आराखड्यांत ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ असं लिहिलेलं आढळेल. उरलेले १५ टक्के म्हणजे बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू. हा शब्द दिसला की निशाणी करून ठेवा.

डिझेल जहाज असेल तर सुटलो असं समजू नका. फ्लँजमधली गॅस्केट, पंप आणि व्हॉल्व्हच्या ग्लँडमधलं (दांड्याभोवतीची गळती अडवणाऱ्या जागेतलं) विणलेलं पॅकिंग, विंचचे ब्रेक आणि क्लच, जुन्या स्विचबोर्डमधले ठिणगी विझवणारे कप्पे, उष्णतारोधक केबल, वेल्डिंगची चादर आणि जुने हातमोजे या सगळ्यांत ते सापडलेलं आहे. आराखड्यावर किंवा भांडाराच्या चिठ्ठीवर ‘सीएएफ’ अशी अक्षरं असतील तर ती ॲस्बेस्टॉस दाबून केलेली गॅस्केट शीट असते.

राहण्याच्या भागात केबिनच्या भिंतींच्या आगरोधक फळ्या, छतावरचा फवारून बसवलेला थर, फरशीच्या विनाइल टाइल आणि त्यांच्याखालचा गोंद किंवा लगदा, आगरोधक दारांचा गाभा. जुन्या युद्धनौकांत खलाशांच्या झोपण्याच्या जागेवरूनच लॅगिंग केलेले पाइप जात. काम संपवून आलेला माणूस त्याच पाइपाखाली आठ तास श्वास घेत झोपे. कारखान्यातला कामगार निदान संध्याकाळी बाहेर पडतो. जहाजावरच्याला ती सोय नाही. त्यात जागा अरुंद, वायुवीजन सामायिक, आणि यंत्रांची थरथर चोवीस तास.

फवारलेला थर आणि जुनं लॅगिंग हाताने चुरडलं तरी भुगा होतो, म्हणून ते सर्वांत वाईट. गॅस्केट, टाइल, ब्रेक यांत तंतू घट्ट बांधलेले असतात; त्यांना पॉवर टूल लागलं की ती बांधणी संपली.

पायरी ३: यादी मागा, आणि यादीवर पूर्ण विश्वास ठेवू नका

रुजू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत एक प्रश्न विचारा: या जहाजाची घातक पदार्थांची यादी किंवा ॲस्बेस्टॉसचं रजिस्टर कुठे आहे? व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर किंवा चीफ ऑफिसर सांगू शकतील. गोदीत सुरक्षा विभाग, नौदलात अभियांत्रिकी किंवा सुरक्षा अधिकारी. आपण काम करणार त्या कप्प्याचं पान नीट वाचा.

नियमांची चौकट थोडक्यात अशी. समुद्री सुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार १ जुलै २००२ पासून जहाजांवर नव्याने ॲस्बेस्टॉस बसवायला काही मोजके अपवाद वगळता बंदी आली, आणि १ जानेवारी २०११ पासून ते अपवादही गेले. आधी बसवलेलं काढून टाका असं मात्र कोणी सांगितलेलं नाही. जहाज मोडण्यासंबंधीचा हाँगकाँग करार २००९ चा. तो २६ जून २०२५ रोजी अमलात आला आणि त्यात घातक पदार्थांची यादी ठेवणं बंधनकारक आहे. हे दोन्ही करार युद्धनौकांना लागू होत नाहीत. तिथे त्या त्या देशाचे आणि नौदलाचे नियम चालतात. युद्धनौका ३०-४० वर्षं सेवेत असतात, एका देशाच्या दुसऱ्या देशाला दिल्याही जातात. त्यामुळे १९७० च्या दशकातली रचना आजही पायाखाली असू शकते.

यादीवर पूर्ण विसंबू नका असं म्हणतो त्याचीही कारणं आहेत. फ्रान्सची विमानवाहू नौका क्लेमान्सो मोडण्यासाठी अलंगकडे निघाली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये तिला अर्ध्या वाटेवरून परत बोलवावं लागलं, आणि तिच्यात ॲस्बेस्टॉस नेमकं किती यावर शेवटपर्यंत एकवाक्यता नव्हती. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला मोडली गेली. एवढ्या गाजलेल्या जहाजाची ही गत, तर इतरांचं काय बोलावं. दुसरं कारण सुट्या भागांचं. ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ या शिक्क्याचा अर्थ देशागणिक बदलतो: अमेरिकी नियमांत वजनाच्या १ टक्क्याहून अधिक असेल तर तो पदार्थ ॲस्बेस्टॉसयुक्त, युरोपात मर्यादा ०.१ टक्का, ऑस्ट्रेलियात अजिबात चालत नाही. त्यामुळे बंदीनंतर बांधलेल्या जहाजांतही आयात गॅस्केटमध्ये ते सापडलेलं आहे. सुटा भाग घेताना शिक्का नको, प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

यादीत नोंद नसेल, जहाज जुनं असेल आणि आवरणाचा प्रकार कळत नसेल, तर ते ॲस्बेस्टॉस आहे असं धरून चाला. तपासणीत नाही निघालं तर आनंदच आहे. नमुना स्वतः काढू नका; ते प्रशिक्षित माणसाचं काम. आणि एका जागचा नमुना ‘नाही’ आला म्हणजे अख्खी लाइन स्वच्छ असंही नाही, कारण लॅगिंगला वेगवेगळ्या दुरुस्त्यांत वेगवेगळी ठिगळं लागलेली असतात.

पायरी ४: काम सुरू होण्यापूर्वी शेजारी काय चाललंय ते बघा

नवख्याच्या हे लक्षातच येत नाही. इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट नौदल गोदीत डॉ. पीटर हॅरीज यांनी १९६० च्या दशकात मेसोथेलिओमाचे रुग्ण अभ्यासले. त्यांत लॅगिंगवाल्यांपेक्षा इतर कामांचेच लोक जास्त निघाले: जहाजबांधणीचे कारागीर, बॉयलरचे कामगार, फिटर, वेल्डर, वीजकामगार. त्यांचा दोष एवढाच की एकाच कप्प्यात शेजारी कोणी लॅगिंग ओरबाडत असताना ते आपापलं काम करत होते.

म्हणून सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीत) स्वतःच्या कामाइतकंच शेजारच्या कामाबद्दल विचारा. वरच्या डेकवर काय तोडताहेत? या कप्प्याचं वायुवीजन कुठून येतं? आवरण काढण्याचं काम ठरलेलं असेल तर त्या वेळी बाकी सगळे कप्प्याबाहेर हवेत. तो भाग प्लास्टिकने बंद करून आतला दाब कमी ठेवलेला, सूचनाफलक लावलेले, आणि काम संपल्यावर हवेची मोजणी होऊन लेखी परवानगी आल्याशिवाय आत कोणी नाही. ‘झाडून घेतलंय, या आता’ ही परवानगी नव्हे.

कंत्राटी कामगारांनी इथे जास्त सावध राहावं. कायम कामगाराला निदान जहाजाचा इतिहास ऐकून माहीत असतो; कंत्राटी माणूस आज या जहाजावर, उद्या त्या, आणि धुळीचं काम त्याच्याच वाट्याला येतं. नौदलात हुकुमाचा प्रश्न येतो. तिथे नकार देण्यापेक्षा प्रश्न विचारणं जास्त उपयोगी पडतं: ‘सर, या लाइनचा तपासणी अहवाल आहे का?’ हा प्रश्न नोंदवहीत लिहिला गेला की त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

पायरी ५: हात लावावाच लागला तर

मोठं आवरण काढणं हे परवानाधारक पथकाचं काम, ते तुमच्याकडे आलं तर सरळ वर कळवा. पण एखादं गॅस्केट बदलणं, पॅकिंग काढणं अशी छोटी कामं प्रशिक्षण घेतलेल्या इंजिनरूमच्या माणसालाच करावी लागतात.

आधी लाइन बंद करून दाब काढून थंड होऊ द्या. मग साबणाचे चार थेंब घातलेल्या पाण्याने हलका फवारा मारून भिजवा. नुसतं पाणी वरून ओघळून जातं, साबणामुळे आत मुरतं. गरम पाइपावर किंवा वीज चालू असलेल्या पॅनेलवर पाणी मारायचं नाही, हे सांगायला नको पण सांगतो. गॅस्केट शक्यतो अख्खं सोडवा. चिकटलेले अंश हाताने चालवायच्या पातीने, ओले ठेवून खरवडा. ग्राइंडर आणि तारांचा फिरता ब्रश इथे वर्ज्य. पाच मिनिटं वाचतात आणि अख्खा कप्पा खराब होतो. निघालेला तुकडा ओला असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, वर चिठ्ठी. समुद्रात टाकायचा नाही, साध्या कचऱ्यातही नाही.

साफसफाई ओल्या फडक्याने, किंवा हेपा फिल्टरच्या (अतिबारीक कण अडवणाऱ्या), ॲस्बेस्टॉससाठीच बनवलेल्या व्हॅक्युमने. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेस्ड एअर या दोन गोष्टींनी जेवढी धूळ लोकांच्या छातीत गेली असेल तेवढी हत्यारांनीही गेली नसेल. विशेषतः काम संपल्यावर हवेच्या नळीने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती दिसली तर तिथून दूर व्हा.

मास्कबद्दल नीट ऐका. रुमाल, कापडी मास्क, सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग शून्य. एन ९५ प्रकारचे टाकाऊ मास्कही अमेरिकी नियमांत ॲस्बेस्टॉससाठी मान्य नाहीत. पी ३ किंवा पी १०० फिल्टरचा रबरी रेस्पिरेटर हवा, धुळीच्या कामाला पूर्ण चेहऱ्याचा आणि शक्यतो पंख्याने हवा पुरवणारा. तो चेहऱ्यावर बसतो की नाही याची फिट टेस्ट व्हायला हवी. दाढी असेल तर साधा रेस्पिरेटर बसत नाही. दोन दिवसांचे खुंटसुद्धा फट ठेवतात. इंजिन रूमच्या उकाड्यात घामाने मास्क सरकतो, मग माणूस क्षणभर वर करून घाम पुसतो, आणि तेवढ्यात सगळं फुकट जातं. म्हणून पाळी छोटी ठेवा, त्या भागाबाहेर येईपर्यंत मास्क काढू नका.

समुद्रात अचानक काही झालं तर

गोदीतली पथ्यं समुद्रात जशीच्या तशी पाळता येत नाहीत. वाफेची गळती झाली, लॅगिंग फाटलं, किंवा आगीनंतर छताच्या फळ्या कोसळल्या, तर आधी जहाज आणि माणसं वाचवायची. ते निस्तरल्यावर त्या कप्प्यातली ये-जा थांबवा, शक्य असेल तर तिथलं वायुवीजन बंद करा, म्हणजे धूळ केबिनपर्यंत जाणार नाही. आगीनंतर पाहणीला जाताना श्वसनयंत्र उतरवायची घाई नको. धूर गेला तरी तंतू हवेत असतात. थंड झाल्यावर ओलं करा, फाटलेला भाग काचतंतूंच्या कापडाने गुंडाळून वरून सीलर किंवा जाड रंग लावा. नीट काढणं बंदरात. तोपर्यंत तिथे पाटी आणि लॉगबुकात नोंद.

पायरी ६: धूळ घरी नेऊ नका

कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत. गोदी कामगारांच्या बायका आणि मुलं, ज्यांनी जहाज आतून कधी पाहिलं नाही, त्यांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं अनेक देशांत आहेत. कारण ते कपडे झटकून धुण्याचं काम घरात होत असे. अंगावरचा टाकाऊ सूट आधी हेपा व्हॅक्युमने किंवा ओल्या फडक्याने पुसायचा, बाहेरची बाजू आत गुंडाळत काढायचा, रेस्पिरेटर शेवटपर्यंत तोंडावर ठेवून शॉवरखाली जायचं आणि तो तिथेच, भिजल्यावर काढायचा. बूट तिथेच. जेवण, चहा, पाणी आंघोळीनंतर.

पायरी ७: वही ठेवा

मला विचाराल तर नवख्याने आजच्या आज करण्यासारखं हेच काम, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आजार उमटेल तेव्हा कंपनी बंद पडलेली असेल, जहाज मोडीत गेलेलं असेल, सोबतचे पांगलेले असतील. भरपाईचा दावा असो की डॉक्टरांचं निदान, प्रश्न एकच येतो: कुठे, कधी, काय केलं होतं?

वहीत जहाजाचं नाव आणि क्रमांक, तारखा, कप्पा, कामाचं स्वरूप, धूळ होती का, मास्क कोणता होता, मालक किंवा कंत्राटदार कोण, सोबत कोण होतं, एवढं लिहा. हवेच्या मोजणीचा अहवाल असेल तर त्याची प्रत मागा. आकडा वाचताना संदर्भ ठेवा: अमेरिकी मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घन सेंटिमीटर हवेत ०.१ तंतू, तर युरोपीय संघाने २०२३ मध्ये ती ०.०१ वर आणायचं ठरवलं. ‘मर्यादेच्या आत’ म्हणजे निर्धोक असा अर्थ कोणीच केलेला नाही. वहीची एक प्रत जमिनीवर, घरच्यांकडे.

पायरी ८: डॉक्टरांना आधी कामाबद्दल सांगा

कामाला लागतानाच छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी) करून घ्या, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. पुढच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने, आणि नोकरी सुटल्यावरही. अंगात गेलेले तंतू बाहेर काढणारं औषध नाही. काढा, वाफारा, गूळ यांच्या भरवशावर राहू नका.

सिगारेट ओढत असाल तर सोडा. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांच्या १९७० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासात, दोन्ही गोष्टींपासून लांब असलेल्यांच्या तुलनेत, फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका फक्त ॲस्बेस्टॉस असलेल्यांत सुमारे ५ पट, फक्त धूम्रपान असलेल्यांत १० पटींहून अधिक, आणि दोन्ही असलेल्यांत ५० पटींहून अधिक आढळला. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. न ओढणाऱ्यालाही तो होतो.

एकदा चुकून तुकडा तुटला, थोडी धूळ गेली, म्हणून रात्रीची झोप घालवू नका. एका प्रसंगाने वाढणारा धोका फार थोडा असतो. मात्रा साचत जाते ती रोजच्या सवयीने. प्रसंग नोंदवा, वहीत लिहा, कामाला लागा.

पुढे कधीही चढताना धाप लागणं, महिनोन्‌महिने कोरडा खोकला, छातीत एका बाजूला दुखणं, वजन उतरणं, बोटांची टोकं फुगल्यासारखी होणं यातलं काही जाणवलं तर दवाखान्यात पहिलंच वाक्य ‘मी जहाजावर काम केलंय, ॲस्बेस्टॉसशी संबंध आला होता’ हे असू द्या. नोकरी सोडून तीस वर्षं झाली असतील तर डॉक्टर आपणहून हे विचारतीलच असं नाही. छातीत पाणी झालं की ते काढून दमा, क्षय, न्यूमोनिया अशी उत्तरं शोधण्यात महिने जातात. वही सोबत न्या, आणि साध्या एक्स-रेवर समाधान झालं नाही तर सीटी स्कॅनची गरज आहे का ते विचारा.